हिरव्यातून पिवळ्यात: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

मुखेड, कंधार, अहमदपूर, निलंगा अशा तालुक्यांतून पोटासाठी किंवा पोरांच्या शाळेसाठी नांदेडला नाहीतर लातूरला आलात, भाड्याच्या खोल्या बदलून बदलून कपाटाचं दार निखळलं, आणि आता बायको म्हणते आहे, "आपलं काहीतरी करा", तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणाऱ्या माणसाने शहरात कायदेशीर घर कसं बांधावं, ते यात टप्प्याटप्प्याने सांगितलं आहे. ज्यांचे आधीच दोन-तीन प्लॉट आहेत त्यांनी वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्या सोयीची नियमावली सरकारने वेगळी छापलेली आहे.

पायरी १: रंग ओळखायला शिका

शहराचा एक विकास आराखडा असतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली तो होतो आणि साधारण वीस वर्षं चालवायचा असतो. त्यात पिवळा म्हणजे राहायचं, निळा म्हणजे धंदा, जांभळा म्हणजे कारखाने आणि हिरवा म्हणजे शेती. नवशिक्याने एवढंच ध्यानात ठेवावं: पिवळ्यातला प्लॉट आपल्याला परवडत नाही आणि हिरव्यातला चालत नाही.

अभ्यासासाठी शहराबाहेरच्या कुठल्याही रस्त्याने पाच-सहा किलोमीटर जा. सोयाबीन निघून मोकळं झालेलं रान दिसेल. त्यात फक्कीच्या पांढऱ्या रेषा, कोपऱ्याकोपऱ्यावर रंग दिलेले दगड, आणि बांधावर एक लोखंडी कमान, तिच्यावर कुठल्यातरी देवाचं नाव आणि पुढे 'नगरी'. मोटारसायकलीला टेकून एक जण उभा असतो. तुम्ही रंगाचं विचारलंत तर तो हसतो. "भाऊ, आज हिरवं हाय म्हणून तर तुम्हाला मिळायलंय. पिवळं झाल्यावर या भावात कोण देतंय?"

नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जे सांगायला दोन वर्षं लागतात ते या गृहस्थाने दोन वाक्यांत सांगितलं आहे. हिरव्या आणि पिवळ्या प्लॉटची माती एकच. मधल्या भावातला फरक म्हणजे परवानगीची किंमत. ती ज्याला झेपते तो पिवळ्यात जातो, ज्याला झेपत नाही तो हिरव्यात. घर दोघंही बांधतात.

पायरी २: एका एकराचं गणित सोडवा

आता तुम्ही विचाराल, मग कोणी पिवळ्यातच सहाशे चौरस फुटांचे, वीस बाय तीसचे प्लॉट पाडून का विकत नाही? वही काढा.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. शेवटचा आकडा महत्त्वाचा. रेखांकन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असलं की १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एक एकर बरोबर ४७ चौरस मीटरने त्या रेषेपलीकडे जातो. आतले रस्ते निदान ९ मीटरचे, म्हणजे तीस फुटी, आणि रस्ता लांबला की त्याची रुंदीही वाढते. मोकळी जागा गेली, रस्ते गेले, हातात साठ-पासष्ट टक्के उरले. वर विकास शुल्क, नाल्या, विजेचे खांब, आणि ज्याचा दर कुठल्याच पत्रकात नसतो तो कागद पुढे सरकवण्याचा खर्च. एवढं सगळं अंगावर घेतलेला माणूस बाराशे आणि पंधराशे फुटांचे प्लॉट पाडतो, कारण ते घेणारे मास्तर, डॉक्टर, गुत्तेदार पैसे एकरकमी देतात. लहान प्लॉट पाडले तर रस्त्याचा वाटा वाढतो आणि गिऱ्हाईक हप्ते मागतं.

हिरव्यात मात्र वीस गुंठ्यांत गल्ली सोडून सहाशे फुटांचे पंचवीस-अठ्ठावीस तुकडे सहज निघतात. गल्ली पंधरा फूट, मोकळी जागा शून्य. मारुतीच्या देवळासाठी एक कोपरा सोडलेला असतो, तोही बहुतेक शेवटी विकला जातो.

रस्ते आणि मोकळ्या जागेचा नियम चुकीचा नाही. पोरांनी खेळायचं कुठे, हा प्रश्न खराच आहे. पण ज्या नियमामुळे चांगल्या वस्त्यांतल्या मोकळ्या जागांवर योगा होतो, त्याच नियमामुळे गरिबाची वस्ती मोकळ्या जागेशिवाय उभी राहते, कारण ती नियमाच्या बाहेरच उभी राहते.

पायरी ३: बॉण्ड करा

तुमचा तुकडा ठरला. आता तो नावावर करायचा. महाराष्ट्रात १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतीचे बारीक तुकडे होऊन ती परवडेनाशी होऊ नये, हा हेतू. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीचा २० गुंठ्यांपेक्षा आणि बागायतीचा १० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा खरेदीखताला चालत नाही. तुमचा तुकडा अर्ध्या गुंठ्याच्या जरासा वर. दुय्यम निबंधक तो नोंदवणार नाहीत.

म्हणून बॉण्ड. शंभराच्या मुद्रांकावर नोटरीपुढे करायचा, दोन साक्षीदार, फोटो, अंगठा. ऑक्टोबर २०२४ पासून हा शंभराचा कागद पाचशेचा झाला आहे. परवडणाऱ्या घरांच्या क्षेत्रात अलीकडे झालेली ही एक ठळक दरवाढ. त्या कागदाने जागा तुमची होते का? तुमची, विकणाऱ्याची आणि साक्षीदाराची खात्री असते की होते. तलाठ्याची नसते.

थोडे धाडसी लोक दहा-बारा जण मिळून वीस गुंठे घेतात, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामायिकात चढवतात आणि आपसांत चुना टाकून वाटून घेतात. एकाचं कर्ज थकलं किंवा एकाच्या भावाने दावा लावला की बाराही घरांच्या चुली एकदम विझतात.

२०२५ मध्ये सरकारने शहरी भागापुरती ही तुकडेबंदी उठवण्याचं ठरवलं. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले असे व्यवहार फुकट नियमित करून द्यायचा निर्णयही झाला. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण शहाणपण आहे. फक्त नवशिक्याने घोटाळा करू नये: यात नियमित होतो तो व्यवहार. त्यावरचं घर नव्हे. त्याची फाईल वेगळी, टेबल वेगळं.

पायरी ४

ही पायरी मंजुरीसाठी गेली आहे.

पायरी ५: परवानगी मागा (ऐच्छिक)

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही भाग सोडून सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिला सगळे 'युडीसीपीआर' म्हणतात. तिच्यात एक खरोखर चांगली गोष्ट आहे: १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानगीसाठी थांबायची गरज नाही, नकाशा आणि शुल्क भरून काम सुरू करता येतं. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत उत्तर. पेढे वाटावेत अशी तरतूद. मात्र कागद सरळ हवा. म्हणजे लहान प्लॉटला सवलत आहे आणि सरळ कागदाचा लहान प्लॉट बाजारात नाही.

पंतप्रधान आवास योजनेचंही तेच. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतात. जागा तुमची असल्याचा पुरावा आणा. तुमच्याकडे बॉण्ड आहे. बाबू तो उलटा करून बघतात, सुलटा करून बघतात, आणि सज्जन असले तर म्हणतात, "पुढच्या यादीत बघू."

म्हणून तुम्ही परवानगी न घेता बांधता. मिस्त्री गावाकडचाच. दोन महिन्यांत खोल्या उभ्या राहतात. मग पालिकेचा माणूस येतो आणि घरपट्टी लावून जातो. अनधिकृत बांधकाम म्हणून काही वेळा वर शास्ती. तुम्ही भरता. पावतीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. ती पावती जपून ठेवा. लाईटचं मीटर, रेशनकार्ड, पोरीचा शाळेतला दाखला, सगळीकडे ती चालते. एका खात्याच्या मते तुमचं घर नाही, त्याच खात्याच्या दुसऱ्या टेबलाच्या मते ते आहे आणि त्याची थकबाकीही आहे.

पायरी ६: गुंठेवारीची वाट पाहा

अशी लाखो घरं राज्यभर झाली की सरकारला दया येते. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला. त्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंतचं नियमित करून घ्या, यापुढे होऊ देणार नाही. २०२१ मध्ये तारीख पुढे आली: ३१ डिसेंबर २०२०. यापुढे होऊ देणार नाही. नवशिक्याने पुढच्या तारखेचा अंदाज स्वतः करावा.

नियमित करायचे पैसे भरायचे तुम्ही. ज्या गल्लीत नाली आलेली नाही तिचं विकास शुल्कही तुम्हीच. आराखड्यातल्या आरक्षणात किंवा नदीच्या पूररेषेत असाल तर तेही नाही. नांदेडला हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरी कुठवर येते ते स्वस्त प्लॉटवाल्यांना आराखड्याच्या आधी कळतं. पूररेषेचा नियम हा मला एकही अक्षर सैल करावंसं न वाटणारा नियम आहे. फक्त ज्याला तिथून उठवायचं त्याला वर, कोरड्यात, सहाशे फूट सरळ कागदाचे कुठे मिळतील तेही त्याच पानावर छापायला हवं होतं.

लातूरकरांसाठी जोडपान

लातुरात प्लॉटआधी खोलीचा प्रश्न येतो. शाहू, दयानंद अशा कॉलेजांनी नावारूपाला आणलेला 'लातूर पॅटर्न' आणि त्याच्याभोवती वाढलेल्या शिकवण्या यांच्यामुळे शहरात एक पूर्ण मुलूख तयार झाला आहे. त्याला रिक्षावालेसुद्धा 'ट्युशन एरिया' म्हणतात. आराखड्यात हा रंग नाही.

एक घर आतून बघा. मंजूर नकाशात हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, एक कुटुंब. प्रत्यक्षात जिन्यापाशी बुटांचे चाळीस जोड. प्रत्येक मजल्यावर दहा बाय दहाच्या खोल्या, प्रत्येकीत तीन कॉट, कॉटखाली पत्र्याची पेटी, भिंतीवर रसायनशास्त्राची सूत्रं, खिडकीच्या गजाला वाळत घातलेला टॉवेल. डबा बाहेरून येतो. मालकीण मावशी तळमजल्यावर राहतात आणि रात्री दहाला गेट लावतात. त्यांना विचारलं की इतक्या खोल्या मंजूर आहेत का, तर त्या म्हणतात, "लेकरं कुठं झोपावीत मग?"

या प्रश्नाला मंजूर नकाशात उत्तर नाही. शेतकरी बाप दोन वर्षांसाठी कॉटचं भाडं देऊ शकतो, टू बीएचके घेऊ शकत नाही. शहराला खोल्या लागतात, आराखडा कुटुंबं मोजतो. परिणाम असा की लातुरातली सगळ्यात जास्त मागणी असलेली घरं कागदावर नाहीतच. कागदावर नाहीत म्हणून आग लागली तर दुसरा जिना आहे का, हे कोणी तपासायचं नाही. खोली ही गोष्ट खोली म्हणून मंजूर करा, दोन जिने मागा, दर माणशी संडास किती ते ठरवा. मावशी करतील. आज त्यांना खोटं बोलणं स्वस्त पडतं.

भाडेकरूचं आडनाव विचारण्याचा नियम मात्र कुठल्याही नियमावलीत नसून दोन्ही शहरांत सगळ्यात काटेकोरपणे पाळला जातो.

पायरी ७: तुमच्या दारचा रस्ता मोजा

शहराच्या आत जुनं घर आहे, वर एक मजला चढवून भाऊ वेगळा राहील असं वाटतं? टेप घेऊन बाहेर या. दाट गावठाण सोडून मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, १.१. त्यावर जास्तीचा विकत मिळतो, पण किती ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. ९ मीटरच्या आत असाल तर सगळ्यात कमी. लातूरच्या औसा रोडला बंगला असलेल्याला मजले चढवायला मुभा, अरुंद गल्लीत राहणाऱ्याला सामासिक अंतराचा शेरा. रुंद रस्ता कोणाच्या दारात असतो ते सांगायला नको.

माणसाच्या पायाखालची जमीन बघून त्याच्या डोक्यावरचं छप्पर मोजायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं तीन मापांची. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. भूकंपाने कोणाचा सातबारा विचारला नव्हता. आज त्या गावांत गेलात तर अडीचशे फुटांच्या घराला पुढून पत्र्याचं शेड, मागून पडवी, कडेला न्हाणी, असं माणसांनी आपलं आपण वाढवलेलं घर दिसतं. नियोजनकर्त्यांनी मोजलं नव्हतं ते राहणाऱ्यांनी मोजून घेतलं.

आणि लहान माणसाला बसेल असं रीतसर घर देणं कधी काळी सरकारला जमतही होतं. नवीन नांदेडात सिडकोने लहान प्लॉट, लहान घरं, ओळीने भिंतीला भिंत लावून, रीतसर बांधून विकली. कारकुनाला वेगळं माप, मजुराला वेगळं. लातूरची गंजगोलाई बघा. निजामाच्या काळात फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली, मधे जगदंबेचं मंदिर, भोवती दुकानं, सोळा रस्ते. आज तोच प्रस्ताव पालिकेत टाकला तर पहिल्याच त्रुटीपत्रात बारा मुद्दे निघतील. नांदेडने २००५ नंतर केंद्राच्या नागरी योजनेतून झोपडपट्ट्यांत जागच्या जागी पक्की घरं बांधली. जेमतेम दोन खोल्यांची, पण माणसाची रोजची मजुरी, दवाखाना, शाळा तिथेच राहिली. ते काम आजही शहराबाहेर चार मजली इमारती बांधून कुलूप लावून ठेवण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये शहराच्या जवळपास तीन चतुर्थांश निवासी भागात एकेका बंगल्याच्या जागी जोडघरं आणि छोट्या इमारती चालतील असं ठरवलं आणि बांधकामांचे परवाने वाढले. तिथे लोक बंगल्यात राहत होते म्हणून त्यांना दाटी करायला सांगावं लागलं. आपल्याकडे दाटी आपोआप होते, फक्त तिला नाव द्यायचं राहिलं आहे.

पायरी ८: दहा लाख माणसं जमवा

मोठ्या रेखांकनात २० टक्के प्लॉट किंवा सदनिका अल्प उत्पन्नवाल्यांसाठी राखून ठेवायच्या, असा नियम राज्यात आहे. चांगला आहे. दहा लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या महापालिकांना तो लागू होतो. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाख, लातूर चार लाखांच्या आत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. तेव्हा गरिबाने आधी शहराची लोकसंख्या दहा लाखांवर न्यावी, मोजणी होईपर्यंत धीर धरावा, मग वीस टक्क्यांत अर्ज करावा.

पायरी ९: हरकत घ्या

आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं की हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. बिल्डर, आरक्षणात अडकलेले जमीनमालक, नगरसेवकांचे मेहुणे, सगळे त्या तीस दिवसांत येऊन जातात. खोलीत राहणारा येत नाही, कारण त्याची जागाच आराखड्यात नाही, तो हरकत कशावर घेणार? तरीही घ्यावी. नमुना देतो, नाव-पत्ता घालून वापरा.

"मा. आयुक्त यांस. विषय: प्रारूप विकास आराखड्यावर सूचना. (१) छोट्या, आंधळ्या गल्ल्यांना सहा मीटर रुंदी चालू द्यावी आणि त्यावर सहाशे फुटांचे प्लॉट मंजूर करावेत. बंब आत कसा जाणार असं विचाराल, तर आज आहेत त्या पंधरा फुटी गल्ल्यांतही तो जात नाही. वीस फुटांत निदान शिरेल. (२) शहरातल्या जुन्या वस्त्यांत रस्ता अरुंद असला तरी वरचा एक मजला द्यावा. (३) भाड्याच्या खोल्या हा घराचा प्रकार मानून त्यासाठी जिने, संडास, पाणी यांचे नियम करावेत. (४) वीस टक्क्यांची अट आमच्या शहराला लावून घेण्यासाठी शासनाकडे ठराव पाठवावा. (५) ज्या आरक्षणांना दहा वर्षं उलटली आणि जागा ताब्यात घेतली नाही, त्यांची यादी लावावी. जागामालकांना नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस द्यायला वकील सापडतो, आम्हाला ती जागा कुठे आहे तेही सापडत नाही. माझा पत्ता: सध्या पत्ता नाही, बॉण्डची प्रत सोबत जोडली आहे."

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आत द्यायचा, दुसऱ्यावर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्यायची. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारून मागा, सुनावणीच्या दिवशी तोच वाचता यावा लागतो. आवक-जावकची खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद असते, तेव्हा सकाळीच गेलेलं बरं.